घराची विक्री आणि विक्रेत्याची सुरक्षितता : रायपूरच्या संदर्भात

घर विकत घेणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावी, यासंबंधी वृत्तपत्रांतून, बँकांच्या माहितीपत्रकांतून आणि कायदेविषयक पुस्तकांतून विपुल मार्गदर्शन उपलब्ध असते. विक्रेत्याच्या सुरक्षिततेचा विचार मात्र अभावानेच केला जातो. ज्याच्या हाती पैसा यावयाचा आहे त्याला धोका कसला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. घर विक्रीस काढले की विक्रेत्याला तीन गोष्टी अपरिचितांसमोर उघड्या कराव्या लागतात : राहत्या घराचे दार, मालकीची कागदपत्रे आणि स्वतःची ओळख व बँक खाते. चोरी, तोतयेगिरी आणि आर्थिक फसवणूक या तिन्ही प्रकारच्या गुन्ह्यांना याच तीन ठिकाणी वाव मिळतो.

छत्तीसगडची राजधानी रायपूर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे शहर आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे देशाचे सव्विसावे राज्य अस्तित्वात आले आणि रायपूरला राजधानीचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. राजधानीमुळे जमिनीचे भाव वाढले, नवा रायपूर उभे राहिले आणि जुन्या वस्त्यांतील घरांनाही मोठी मागणी आली. या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती व १८५४ मध्ये ते राज्य ब्रिटिशांनी खालसा केले. त्या काळापासूनचा मराठी भाषकांचा वावर येथे आजही जाणवतो. तात्यापारा, चौबे कॉलनी यांसारख्या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. मुले पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात स्थिरावली, घरात वृद्ध आई-वडील उरले किंवा घराला कुलूपच लागले, अशी परिस्थिती येथे अपवादात्मक नाही. घराची किंमत मोठी, मालक वृद्ध अथवा दूर आणि व्यवहाराची घाई, हा संयोग गुन्हेगाराला सर्वाधिक सोयीचा असतो.

कायद्याने आखलेला क्रम

स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे मूळ नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये आहेत. कलम ५४ नुसार विक्री म्हणजे किंमतीच्या मोबदल्यात मालकीचे हस्तांतरण होय. ही किंमत 'दिलेली', 'देण्याचे वचन दिलेली' किंवा 'अंशतः दिलेली व अंशतः देण्याचे वचन दिलेली' असू शकते. परीक्षार्थी हे शब्द अनेकदा पाठ करतात, परंतु त्यांचा व्यावहारिक अर्थ विक्रेत्याच्या दृष्टीने गंभीर आहे. खरेदीखत नोंदले गेले की पूर्ण किंमत हाती आलेली नसली तरी मालकी खरेदीदाराकडे जाऊ शकते.

सुरत येथील एका जमिनीच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २ जुलै २००९ रोजी सुमारे पावणेदोन कोटी रुपयांना खरेदीखत झाले होते आणि मोबदला ३६ धनादेशांद्वारे दिल्याचा उल्लेख दस्तात होता. आपणास प्रत्यक्षात केवळ ४० हजार रुपये मिळाले, असे विक्रेत्यांचे म्हणणे होते, परंतु त्यांनी दावा दाखल केला तो डिसेंबर २०१४ मध्ये. ९ जुलै २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला. किंमतीचा काही भाग मिळाला नाही एवढ्यावरून नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही, विक्रेता येणे रकमेसाठी अन्य कायदेशीर उपाय योजू शकतो आणि हा दावा तर तीन वर्षांच्या मुदतीनंतर आलेला आहे, असे सांगून वादपत्र साक्षीपुराव्यापूर्वीच नामंजूर झाल्याचे न्यायालयाने कायम केले. पैसे मिळाल्याचे स्वतःच्या सहीने लिहून दिल्यानंतर ते मिळाले नाहीत हे सिद्ध करणे किती दुष्कर असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच अधिनियमाचे कलम ५५ विक्रेता आणि खरेदीदार यांची कर्तव्ये सांगते. बारकाईने पाहिल्यास त्यात सुरक्षित व्यवहाराचा क्रमही दडलेला आढळतो. मालकीची कागदपत्रे विक्रेत्याने खरेदीदाराला तपासणीसाठी दाखवावयाची असतात. ती त्याच्या स्वाधीन करण्याचे बंधन पूर्ण किंमत मिळाल्यानंतरच येते. किंमतीची रक्कम दिली अथवा देऊ केली असता विक्रेत्याने हस्तांतरणाचा दस्त करून द्यावयाचा असतो. मालकी गेली पण किंमत बाकी राहिली, तर त्या बाकीपुरता विक्रेत्याचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो. आधी दाखवणे, मग पैसा, मग दस्त व ताबा आणि शेवटी मूळ कागद हा तो क्रम होय. विक्रेत्याच्या फसवणुकीच्या बहुतेक प्रकारांत हाच क्रम कोठेतरी उलटा केलेला असतो. इसाराच्या चार-दोन लाखांवर मूळ कागद मागितले जातात, धनादेश वटण्यापूर्वी खरेदीखतावर सही घेतली जाते किंवा 'रंगरंगोटी करून घेतो' असे सांगून किल्ली नेली जाते.

नोंदणी दस्ताची, मालकीची नव्हे

भारतीय नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये नोंदणी होते ती दस्ताची. त्या दस्तात लिहिलेली मालकी खरी असल्याची हमी शासन देत नाही. दुय्यम निबंधक, ज्यांना छत्तीसगडमध्ये उपपंजीयक म्हणतात, हे दस्त करून देणारी व्यक्ती हजर आहे काय, तिने तो कबूल केला काय आणि मुद्रांक व शुल्क भरले काय हे पाहतात. मालकीचा निवाडा करणे हे त्यांचे काम नाही. बिहारच्या नोंदणी नियमांसंबंधी ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयातही सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी आणि मालकी यांतील हा भेद स्पष्ट केला. इंग्लंडमध्ये मालकीचीच नोंदणी होते व तिला शासनाची हमी असते. तेथेही तोतयेगिरीचे प्रकार घडतात, म्हणून २०१४ पासून तेथील भूमी निबंधक कार्यालय आपल्या मालमत्तेच्या नोंदीत हालचाल झाल्यास मालकाला विनामूल्य सूचना पाठवते. आपल्याकडे हमीयुक्त मालकीच्या दिशेने राजस्थानने २०१६ मध्ये नागरी जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, तथापि देशात सर्वसाधारण पद्धती दस्तनोंदणीचीच आहे.

या पद्धतीत तोतया विक्रेता उभा करण्यासाठी गुन्हेगाराला काय लागते? जुन्या खरेदीखताची प्रत, मालमत्ता कराची पावती, मालकाचे आधार व पॅन यांच्या प्रती आणि सहीचा नमुना. घर विकू पाहणारा मनुष्य नेमका हाच संच व्हॉट्सॲपवरून दहा अनोळखी व्यक्तींना पाठवत असतो. यास्तव प्रारंभीच्या टप्प्यात घराचे वर्णन, क्षेत्रफळ व छायाचित्रे एवढेच द्यावे. कागदपत्रे समक्ष किंवा वकिलाच्या कार्यालयात दाखवावीत. प्रत देणे आवश्यकच असेल तर तिच्यावर 'केवळ तपासणीसाठी', दिनांक व घेणाऱ्याचे नाव ठळकपणे लिहावे. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत वापरावी. ही सोय आधार प्राधिकरणानेच उपलब्ध केली आहे.

तोतयेगिरी रोखण्यासाठी २००१ च्या दुरुस्तीने नोंदणी अधिनियमात कलम ३२-क समाविष्ट झाले आणि दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे घेणे अनिवार्य झाले. उपाय योग्यच होता, मात्र त्यातून एक अनपेक्षित प्रश्न उद्भवला. नोंदलेले दस्त संकेतस्थळांवर उपलब्ध झाल्यानंतर त्यांवरील ठशांच्या नकला बनवण्याचे प्रकार घडले. २०१८ मध्ये तेलंगणात अशा ठशांच्या आधारे मोबाइल सिमकार्डे कार्यान्वित केल्याचे उघडकीस आले. पुढे इतर राज्यांत आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढण्यासाठीही या युक्तीचा वापर झाला. सुरक्षेसाठी केलेली नोंद उघड्यावर राहिली की तीच धोक्याचे साधन बनते, हे प्रशासनाच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. विक्रेत्यापुरता उपाय सोपा आहे. नोंदणी आटोपताच आधारची जैवमितीय माहिती बंद करण्याची सोय वापरावी.

छत्तीसगड शासनाने अलीकडच्या वर्षांत या क्षेत्रात लक्षणीय पावले उचलली आहेत. २०२४ मध्ये आलेल्या 'सुगम' या मोबाइल उपयोजनाद्वारे संबंधित मालमत्तेची प्रत्यक्ष जागेवरून छायाचित्रे घेतली जातात व अक्षांश-रेखांशांची नोंद होते. अस्तित्वात नसलेला भूखंड किंवा एका जागेऐवजी दुसरीच जागा दाखवून होणारे व्यवहार यामुळे कठीण झाले. मे २०२५ मध्ये आधार-आधारित ओळख पडताळणी, जुन्या दस्तांचा ऑनलाइन शोध, रोकडरहित शुल्कभरणा, घरी येऊन नोंदणी आणि नोंदणीबरोबरच आपोआप नामांतरण अशा सुधारणा जाहीर करण्यात आल्या. महाराष्ट्रातील वाचकाला ज्याची ओळख 'फेरफार' म्हणून आहे, ते तेथील 'नामांतरण'. सातबाऱ्याच्या जागी 'बी-१' व 'खसरा' आणि तलाठ्याच्या जागी पटवारी. हे अभिलेख 'भुइयाँ' या संकेतस्थळावर पाहता येतात.

आपोआप नामांतरणाने नागरिकांचे हेलपाटे वाचतात, हे निर्विवाद. परंतु पूर्वीच्या प्रक्रियेत तहसील कार्यालयातील सूचना आणि आक्षेपांची मुदत यांमुळे खऱ्या मालकाला जागे होण्यास थोडा अवधी मिळत असे. प्रक्रिया जितकी वेगवान, तितकी पडताळणी नोंदणीच्या आधी व काटेकोर व्हावयास हवी. ज्यांची घरे बंद आहेत अशा मालकांनी, विक्रीचा विचार असो वा नसो, महिन्या-दोन महिन्यांनी अभिलेख पाहण्याची सवय ठेवणे म्हणूनच उचित ठरते. राज्यातील आणखी एक तरतूद विक्रेत्याच्या संरक्षणाचीच आहे. छत्तीसगड भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५(६) नुसार आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विकताना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसारखी बंधने आहेत. महाराष्ट्रातही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-क मध्ये अशीच तरतूद आहे.

मुखत्यारपत्राचा विषय

दूर राहणाऱ्या मालकाला नातलगाच्या किंवा दलालाच्या नावे मुखत्यारपत्र करून देणे सोयीचे वाटते. ही सोय किती महाग पडू शकते, हे २२ नोव्हेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयातून दिसते. १९८० मध्ये एका भावाने दुसऱ्यास मुखत्यारपत्र दिले. १९८१ मध्ये त्या भावाने त्याआधारे मालमत्ता आपल्याच अज्ञान मुलांच्या व पत्नीच्या नावे विकली. किंमत दिल्याचा पुरावा नव्हता आणि ती पुढे देण्याचे वचनही दस्तात नव्हते. किंमतीविना विक्री ही विक्रीच नव्हे, असे ठरवून न्यायालयाने ती खरेदीखते निरर्थक मानली. न्याय मिळाला, पण चाळीस वर्षांनी. सुरतच्या निकालाशी याची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. तेथे दस्तातच मोबदला पावल्याचे नमूद होते आणि दावा उशिरा आला होता. येथे मोबदलाच नव्हता.

त्याआधी ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या संचाने मालकी हस्तांतरित होत नाही असे स्पष्ट केले होते. या निर्णयाची चर्चा बहुधा खरेदीदाराच्या अंगाने होते. विक्रेत्याचीही बाजू तितकीच नाजूक असते. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी मुखत्यारपत्रावर घर 'विकणारा' मनुष्य अभिलेखात मालकच राहतो. कराच्या नोटिसा त्यालाच येतात आणि त्या मुखत्यारपत्राच्या बळावर पुढे कोणाशी काय व्यवहार झाले याचा त्याला पत्ताही नसतो.

मुखत्यारपत्र टाळता येत नसेल तर ते एकाच मालमत्तेपुरते व एकाच कामापुरते असावे. किमान किंमत, मुदत आणि रक्कम केवळ मालकाच्या खात्यातच जमा होईल ही अट त्यात असावी. परदेशातील मालकाने ते भारतीय वाणिज्य दूतावासात प्रमाणित करून घ्यावे. काम झाल्यावर किंवा विचार बदलल्यास रद्दपत्र नोंदवून संबंधितांना व नोंदणी कार्यालयाला लेखी कळवावे. वृद्धत्व किंवा आजारपण एवढेच कारण असेल, तर मुखत्यारपत्राची गरजही नसते, कारण नोंदणी अधिनियमाचे कलम ३१ विशेष कारणासाठी अधिकाऱ्याला घरी येऊन दस्त स्वीकारण्याची मुभा देते.

घर दाखवताना

कागदांच्या चर्चेत शारीरिक सुरक्षिततेचा विसर पडतो. २८ जुलै १९८६ रोजी लंडनमधील फुलहॅम भागात घर दाखवण्यासाठी गेलेली मालमत्ता विक्री संस्थेची पंचवीस वर्षांची कर्मचारी बेपत्ता झाली. ग्राहकाचे केवळ एक आडनाव तिच्या रोजनिशीत नोंदलेले होते. तिचा शोध अद्याप लागलेला नाही. तिच्या नावाने त्याच वर्षी स्थापन झालेली सूझी लॅम्प्लू ट्रस्ट ही संस्था एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आजही कार्यरत आहे. या घटनेनंतर तेथे भेटीपूर्वी ग्राहकाची ओळख पडताळणे आणि कोठे, कोणासोबत, किती वेळ याची नोंद मागे ठेवणे यांवर भर दिला जाऊ लागला.

आपल्याकडे घर दाखवण्याचे काम बहुधा घरातील वृद्ध माणसे किंवा एकटी गृहिणीच करते. दारावर 'मकान बिकाऊ है' असा फलक लागला की कोणीही, कोणत्याही वेळी घंटी वाजवू शकतो. भेट आधी ठरवून, दिवसाउजेडी व दुसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत द्यावी. येणाऱ्याचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक व वाहनाचा क्रमांक टिपून तो शेजाऱ्याला किंवा मुलांना कळवावा. घर दाखवणाऱ्याने पाहुण्याच्या मागे चालावे, पुढे नव्हे. कपाटाच्या किल्ल्या, दागिने, पासबुके, औषधांच्या चिठ्ठ्या दृष्टीआड असाव्यात. जाहिरातीच्या छायाचित्रांतही ही दक्षता हवी, कारण कुलपांचा प्रकार, मागचे दार आणि देव्हाऱ्यातली चांदी हे सारे छायाचित्रातून घरबसल्या पाहता येते. घरी कोण कोण राहते, मुले कधी येतात हे प्रश्न ग्राहक सहजपणे विचारतो. त्यांची खरी उत्तरे देण्याचे बंधन कोणावरही नाही.

दलालांविषयी एक मुद्दा परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये दलालांची नोंदणी सक्तीची झाली, असे सरसकट म्हटले जाते. कलम ९ पाहता ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीशी निगडित आहे. तात्यापाऱ्यातील जुन्या वाड्याची फेरविक्री करून देणारा दलाल त्या कक्षेत येतोच असे नाही. त्याने प्राधिकरणाची नोंदणी घेतलेली असल्यास ती विश्वासार्हतेची एक खूण ठरते, इतकेच. दलाली किती आणि केव्हा, हे लेखी ठरवून त्याला कागदपत्रांचा संच मात्र देऊ नये.

रक्कम आणि ताबा

ऑनलाइन जाहिरात देणाऱ्यांना भेडसावणारा एक प्रकार आता सुपरिचित आहे. दूरध्वनीवरील व्यक्ती आपण लष्करात किंवा मोठ्या हुद्द्यावर असल्याचे सांगते, घर न पाहताच पसंत करते आणि इसार पाठवण्यासाठी क्यूआर संकेत स्कॅन करून पिन टाकावयास सांगते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. घर न पाहता, किंमतीत घासाघीस न करता होकार देणारा ग्राहक हीच धोक्याची पहिली खूण समजावी.

रोख रकमेचा आग्रह दोन्ही बाजूंनी होतो. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्यान्वये मनाई आहे आणि स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. हा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर पडतो. बनावट नोटा व घरातील रोकड यांचा धोका तो वेगळाच. ५० लाख रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या व्यवहारात २०१३ पासून खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो. तो प्रत्यक्ष आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे विक्रेत्याने स्वतः पाहावे.

पैसा आला याचा पुरावा म्हणजे स्वतःच्या बँकेची नोंद. ग्राहकाच्या मोबाइलवरील चित्र किंवा आलेला लघुसंदेश हा पुरावा नव्हे. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसची सेवा अहोरात्र उपलब्ध असल्याने पुढील तारखेच्या धनादेशावर विसंबण्याचे फारसे कारण उरलेले नाही. तो घ्यावाच लागला तर त्याचा क्रमांक, दिनांक व रक्कम खरेदीखतात लिहावी, आणि 'संपूर्ण मोबदला पावला' असे न लिहिता तो वटेपर्यंत रक्कम येणे असल्याचे स्पष्ट नमूद करावे. कोऱ्या मुद्रांकावर किंवा तारीख न घातलेल्या खरेदीखतावर सही करून ते कोणाकडे ठेवू नये. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीस सादर करता येतो आणि नोंदणी झाल्यावर त्याचा अंमल साधारणतः सही केल्याच्या दिवसापासून मानला जातो, हे कलम २३ व ४७ एकत्र वाचल्यास ध्यानात येईल.

ताबा शेवटी द्यावा. साठेखतासोबत ताबा दिल्यास २००१ च्या दुरुस्तीनंतर ते साठेखत नोंदणीकृत असल्याशिवाय खरेदीदाराला कलम ५३-क चे संरक्षण मिळत नाही, हे खरे. तथापि आत शिरलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी विक्रेत्याला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. ताबा दिल्याच्या दिवशी ताबापावती, वीजजोडणी व मालमत्ता कराच्या नावातील बदलाचे अर्ज आणि गृहसंस्थेला पत्र ही कामे एकत्रच उरकावीत. आपल्या नावच्या मीटरवर दुसऱ्याचा वापर चालू राहणे हे वादाचे मूळ ठरते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर वेळ महत्त्वाचा असतो. ऑनलाइन रक्कम गेली असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्यता क्रमांकावर तत्काळ कळवावे, जेणेकरून ती पुढील खात्यांत वळण्यापूर्वी रोखता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठकवणुकीसाठी कलम ३१८, तोतयेगिरीसाठी ३१९ आणि मूल्यवान दस्तांच्या बनावटीकरणासाठी ३३८ ही कलमे असून शेवटच्या गुन्ह्यास आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे. नोंदणी अधिकाऱ्यासमोर खोटे कथन किंवा तोतयेगिरी केल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. रायपूरमधील घराच्या बनावट खरेदीखताची खबर पुण्यातील मालकाला त्याच दिवशी पुण्यातून देता येते, आणि तिची प्रत नोंदणी कार्यालय व तहसील कार्यालयाकडे लेखी आक्षेपासह पाठवता येते.